जुनी टेलिफोन लाइन आणि आजचं फायबर: वेगाचा हिशोब नेमका कसा करायचा? ०७१२ च्या नागपूरपासून समजून घ्या

नागपूरच्या इतवारीत किंवा सीताबर्डीत एखाद्या जुन्या दुकानाच्या पाटीकडे नीट बघा. मालकाच्या नावाखाली अजूनही ०७१२ आणि त्यापुढे सात आकडे दिसतात. हा नागपूरचा एसटीडी कोड. एकेकाळी हा नंबर मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर थांबायचे. आज त्याच दुकानात तांब्याच्या दोन तारांऐवजी केसासारखी बारीक काचेची तार आलेली असते आणि कोपऱ्यात एक पांढरी डबी लुकलुकत असते.

आता गंमत बघा. जुन्या कागदांवर लिहिलेलं असतं ६४ केबीपीएस, २ एमबीपीएस, ई-१, पीआरआय. नव्या प्लॅनवर लिहिलेलं असतं १०० एमबीपीएस, ३०० एमबीपीएस, १ जीबीपीएस. मग प्रश्न येतो, जुन्याचं नव्यात रूपांतर कसं करायचं? ३० लाइनींचं कनेक्शन बंद करून फायबर घ्यायचं असेल तर किती वेगाचं घ्यायचं?

बहुतेक जण कॅल्क्युलेटर काढतात, मोठ्या आकड्याला छोट्या आकड्याने भागतात आणि मोकळे होतात. पण हा भागाकार अनेकदा चुकतो. का चुकतो, ते समजायला आधी या आकड्यांची जन्मकुंडली बघावी लागेल.

सगळ्याची सुरुवात ६४ पासून

टेलिफोनवर माणसाचा पूर्ण आवाज कधीच जात नव्हता. बोलणं समजण्यासाठी साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, म्हणून टेलिफोनवाल्यांनी तेवढाच ठेवला. हा आवाज डिजिटल करायचा म्हणजे त्याची ठरावीक वेळाने मोजणी करायची. ही मोजणी सेकंदाला ८,००० वेळा करायचं ठरलं आणि प्रत्येक मोजणी ८ बिटमध्ये लिहायची असं ठरलं.

८,००० गुणिले ८ म्हणजे ६४,०००. म्हणजेच ६४ केबीपीएस. एका फोन कॉलची ही किंमत.

पुढचे सगळे विचित्र वाटणारे आकडे, म्हणजे २.०४८, ३४.३६८, १५५.५२, हे याच ६४ च्या घरातून निघाले आहेत. इंटरनेट, रील, ओटीटी यांतलं काहीही डोक्यात नसताना, फक्त "हॅलो" नीट ऐकू यावं म्हणून ठरवलेला हा आकडा आहे.

ई-१ म्हणजे ३२ सीटची गाडी

दोन एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलसाठी वेगळी तार टाकणं परवडणारं नव्हतं. म्हणून एकाच लाइनवर अनेक कॉल बसवायची पद्धत आली. युरोपात ठरलेल्या पद्धतीत ६४ केबीपीएसचे ३२ कप्पे एकत्र केले. ३२ गुणिले ६४ म्हणजे २,०४८ केबीपीएस, अर्थात २.०४८ एमबीपीएस. याचं नाव ई-१. भारताने हीच पद्धत घेतली. टेलिफोन खात्यातले लोक याला बोलताना सरळ "टू एमबी" म्हणायचे.

पण ३२ कप्पे आहेत म्हणून ३२ कॉल होत नाहीत. ३२ सीटची एसटी समजा. त्यातल्या दोन सीट ड्रायव्हर आणि कंडक्टरच्या. पहिला कप्पा, ज्याला शून्य नंबर असतो, तो दोन्ही टोकांची घड्याळं जुळवून ठेवतो. सोळा नंबरचा कप्पा कोणी कोणाला फोन लावला, कोणी ठेवला, याची माहिती नेतो. उरले ३० प्रवासी, म्हणजे ३० कॉल. ऑफिसातल्या पीआरआय लाइनीवर एका वेळी ३० जण बोलू शकतात, ते याच हिशोबाने.

अमेरिकेत मात्र २४ कॉलची गाडी ठरली. २४ गुणिले ६४ म्हणजे १,५३६, त्यात ८ केबीपीएस व्यवस्थेसाठी. एकूण १.५४४ एमबीपीएस. त्याचं नाव टी-१. बेल कंपनीने ही पद्धत १९६२ मध्ये वापरात आणली. इंटरनेटवर वेग बदलायचे तक्ते शोधले की बहुतेक वेळा टी-१, टी-३ वाले अमेरिकी तक्ते समोर येतात. नागपूरच्या लाइनीला ते लावले तर पहिल्याच पायरीवर हिशोब घसरतो. आपल्याकडचा आकडा २.०४८ आहे, १.५४४ नाही.

वर्ध्याला एक पेटी उतरवायची आहे

कॉल वाढले तसे ई-१ कमी पडू लागले. मग १६ ई-१ मिळून ई-३ झालं, ६४ ई-१ मिळून ई-४ झालं. इथे पहिली मेख आहे. १६ गुणिले २.०४८ म्हणजे ३२.७६८ व्हायला हवं, पण ई-३ चा वेग आहे ३४.३६८ एमबीपीएस. वरचे दीडेक एमबीपीएस गेले कुठे? तर वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेल्या लाइनींची घड्याळं तंतोतंत जुळत नसत. फरक भरून काढायला मध्ये मध्ये भरतीचे बिट टाकावे लागत. माल पेटीत हलू नये म्हणून आपण पेंढा भरतो, तसंच.

या जुन्या पद्धतीचा मोठा त्रास असा होता की मधल्या स्टेशनावर एक ई-१ उतरवायचं झालं तरी सगळा माल उघडावा लागे. नागपूरहून मुंबईकडे निघालेल्या ट्रकमधली एक पेटी वर्ध्याला द्यायची म्हणून पूर्ण ट्रक रिकामा करायचा आणि पुन्हा भरायचा, असा तो प्रकार.

फायबर आलं तेव्हा यावर उत्तर शोधलं गेलं. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर एसडीएच नावाचं मानक ठरलं. यात प्रत्येक पेटी कुठे ठेवली आहे याची नोंद बरोबरच जाते, त्यामुळे वर्ध्याची पेटी वर्ध्याला अलगद काढता येते. या पद्धतीचं पहिलं माप म्हणजे एसटीएम-१. वेग १५५.५२ एमबीपीएस.

आता इथे कॅल्क्युलेटर फसतो

१५५.५२ ला २.०४८ ने भागा. उत्तर येतं जवळपास ७६. म्हणजे एका एसटीएम-१ मध्ये ७६ ई-१ बसायला हवेत. प्रत्यक्षात बसतात ६३.

कॉलच्या भाषेत सांगायचं तर १५५.५२ ला ६४ केबीपीएसने भागलं की बरोब्बर २,४३० येतात. पण ६३ ई-१ मधून होणारे कॉल आहेत १,८९०. म्हणजे भागाकारावर विश्वास ठेवणारा माणूस ५४० कॉल जास्त मोजतो.

ही जागा वाया गेलेली नाही. कोणती पेटी कुठे आहे, लाइन तुटली का, तुटली तर दुसऱ्या वाटेने कशी न्यायची, याची माहिती त्या जागेत असते. फायबर कुठे खोदकामात तुटलं तर गाडी दुसऱ्या रस्त्याने वळवायची सोय याच व्यवस्थेमुळे होते. पण विकत घेताना हे माहीत नसेल, तर क्षमता कागदावर एक आणि हातात दुसरीच असते.

म्हणून भागाकार करत बसण्यापेक्षा हा तक्ता सेव्ह करून ठेवा:

• एक कॉल: ६४ केबीपीएस
• ई-१: २.०४८ एमबीपीएस, ३० कॉल
• ई-३: ३४.३६८ एमबीपीएस, १६ ई-१, ४८० कॉल
• ई-४: १३९.२६४ एमबीपीएस, ६४ ई-१, १,९२० कॉल
• एसटीएम-१: १५५.५२ एमबीपीएस, ६३ ई-१, १,८९० कॉल
• एसटीएम-४: ६२२.०८ एमबीपीएस, २५२ ई-१, ७,५६० कॉल
• एसटीएम-१६: २,४८८.३२ एमबीपीएस, १,००८ ई-१, ३०,२४० कॉल
• एसटीएम-६४: ९,९५३.२८ एमबीपीएस, ४,०३२ ई-१, १,२०,९६० कॉल

अमेरिकी कागदांवर हेच वेग ओसी नावाने येतात. ओसी-३ म्हणजे एसटीएम-१, ओसी-१२ म्हणजे एसटीएम-४, ओसी-४८ म्हणजे एसटीएम-१६, ओसी-१९२ म्हणजे एसटीएम-६४. लक्षात ठेवायची युक्ती सोपी आहे: ओसीच्या आकड्याला ३ ने भागा, एसटीएमचा आकडा मिळतो. हा भागाकार मात्र कधी चुकत नाही.

नागपूरकरांच्या उशाशीच आहे हा महामार्ग

नागपूर स्टेशनजवळ मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात, तो डायमंड क्रॉसिंग सगळ्यांना माहीत आहे. पण रुळांच्या कडेने फायबरही धावतं. रेल्वेची जमीन वापरून देशभर फायबर टाकण्यासाठी २००० साली रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला दूरसंचार खात्याचं कामकाज बीएसएनएलकडे गेलं. म्हणजे नागपूरच्या घरात पोचलेली शेवटची तार तांब्याचीच होती, तेव्हाही शहरांना जोडणारा मधला मोठा रस्ता फायबरचा होत चालला होता. खरा अडथळा घर ते एक्स्चेंज या शेवटच्या टप्प्यात होता.

त्या टप्प्याने किती वाट बघायला लावली, ते सरकारी व्याख्येतूनच कळतं. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड असं ठरलं. हे बरोबर चार कॉलएवढं. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ झाली, म्हणजे आठ कॉल. जानेवारी २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस झाली. एकेकाळी ३० माणसांच्या ऑफिसची अख्खी ई-१ लाइन जेवढी होती, जवळपास तेवढा वेग आता एका घरासाठी किमान मानला जातो.

मग घरातलं फायबर किती मोठं?

घरी येणारं फायबर बहुतेक वेळा जीपॉन नावाच्या तंत्रावर चालतं. एक्स्चेंजमधून निघालेल्या एका फायबरचा डाउनलोडचा वेग असतो २.४८८ जीबीपीएस आणि अपलोडचा १.२४४ जीबीपीएस. पहिला आकडा ओळखीचा वाटतोय? वरच्या तक्त्यातला एसटीएम-१६ चाच तो वेग आहे. जीपॉनची चौकटही सेकंदाला ८,००० वेळा जाते. "हॅलो"साठी ठरलेली ती लय रील बघणाऱ्या फायबरमध्येही तशीच टिकून आहे.

पण हे एक फायबर एका घराचं नसतं. वाटेत एक काचेचा विभाजक बसवलेला असतो आणि तिथून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण वेग मागितला तर ३२ घरांत प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ७८ एमबीपीएस येतात, ६४ घरांत ३९. मग १०० एमबीपीएसचा प्लॅन खोटा का? नाही. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, या गृहितावर ही रचना उभी आहे. पाण्याच्या टाकीवर सोसायटीतले सगळे नळ एकदम उघडले जात नाहीत, तसंच.

जुन्या लीज्ड लाइनीचं मात्र तसं नव्हतं. ते २ एमबीपीएस फक्त तुमचे, दोन्ही दिशांना सारखे, दिवसरात्र. म्हणून "२ एमबीपीएसची लाइन सोडून ५० पट मोठं १०० एमबीपीएस घेतलं" हे वाक्य अर्धंच खरं आहे. एक राखीव डबा होता, दुसरा मोठा पण जनरल डबा आहे.

बिट आणि बाइटचा जुना घोळ

वेग सांगताना बिट वापरतात, फाइलचा आकार सांगताना बाइट. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनीवर मोबाइल "१२.५ एमबी प्रतिसेकंद" दाखवत असेल तर कंपनीला फोन करू नका. ते बरोबरच आहे.

दुसरी बारीक गोष्ट. टेलिकॉममध्ये किलो म्हणजे १,००० च. १,०२४ चा हिशोब कॉम्प्युटरच्या मेमरीचा. तो इथे आणला की आकडे जुळत नाहीत.

एक जीबीचा सिनेमा डाउनलोड करायचा आहे असं समजा. लाइन पूर्ण वेगाने चालली तर लागणारा वेळ असा:

• ६४ केबीपीएस: साधारण ३४ तास ४३ मिनिटं
• ई-१: साधारण ६५ मिनिटं
• १०० एमबीपीएस फायबर: ८० सेकंद
• १ जीबीपीएस फायबर: ८ सेकंद

प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी थोडा जास्तच वेळ लागतो, कारण डेटाच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहिलेला असतो आणि त्या पत्त्यालाही जागा लागते.

३० लाइनी फायबरवर नेताना

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात ३० कॉलची एक पीआरआय आहे असं समजा. ती सोडून फोन फायबरवरून इंटरनेट पद्धतीने चालवायचे आहेत. ई-१ चा वेग २.०४८, म्हणून कोणी २ एमबीपीएस राखून ठेवले. पुरतील का?

नाही पुरणार. जुन्या लाइनीत प्रत्येक कॉलचा कप्पा ठरलेला होता, त्यामुळे त्याच्यावर पत्ता लिहायची गरज नव्हती. इंटरनेट पद्धतीत आवाजाचे छोटे तुकडे करून पाकिटांत भरतात, साधारणपणे सेकंदाला ५० पाकिटं. प्रत्येक पाकिटात १६० बाइट आवाज असतो आणि वर ५८ बाइटचा पत्ता आणि वेष्टन. हिशोब केला तर ६४ केबीपीएसचा कॉल ८७.२ केबीपीएसचा होतो.

३० गुणिले ८७.२ म्हणजे २.६१६ एमबीपीएस. तेही जाताना वेगळे आणि येताना वेगळे. थोडी मोकळी जागा धरून किमान ३ एमबीपीएस फक्त फोनसाठी राखून ठेवलेले बरे.

आवाज दाबून पाठवणारी पद्धत वापरली, जसं की जी-७२९, तर एक कॉल साधारण ३१ केबीपीएसमध्ये बसतो आणि ३० कॉल १ एमबीपीएसच्या आत जातात. पण त्यात आवाजाचा दर्जा थोडा उतरतो आणि त्यातून फॅक्स तर नीट जातच नाही. ऑफिसात अजून फॅक्स चालू असेल तर हे आधी विचारून घ्या.

इथे खरी परीक्षा अपलोडची होते. घरगुती प्लॅनची जाहिरात डाउनलोडच्या आकड्यावर चालते. फोनवर मात्र आपण जेवढं ऐकतो तेवढंच बोलतोही. ऑफिसातल्या कोणी मोठी फाइल पाठवायला घेतली आणि आवाजाला प्राधान्य दिलेलं नसेल, तर लाइन कितीही मोठी असली तरी समोरच्याला शब्द तुटक ऐकू येतात.

शहराच्या पातळीवर हाच हिशोब

नागपूरच्या स्मार्ट सिटी प्रकल्पात चौकाचौकांत कॅमेरे लागले आणि त्यांच्यासाठी शहरभर फायबरचं जाळं टाकलं गेलं. तांब्यावर हे का झालं नसतं, ते आता सहज काढता येतं.

हिशोबापुरते १,००० कॅमेरे धरू, प्रत्येकी ३ एमबीपीएस. एका कॅमेऱ्याला एक ई-१ पुरत नाही, दोन लागतात. म्हणजे २,००० ई-१. जुन्या भाषेत हे ६०,००० फोन कॉलएवढं झालं. एसटीएम-१ घेतले तर एकात ३१ कॅमेरे बसतात, म्हणजे ३३ एसटीएम-१. एसटीएम-१६ घेतले तर दोन पुरतात. आणि आजच्या इथरनेटचा १० जीबीपीएसचा एक पोर्ट घेतला तर एकूण लागतात ३ जीबीपीएस, म्हणजे पोर्टचा एक तृतीयांशही भरत नाही.

या शेवटच्या पायरीवर ६४ चा पाढा सुटतो. इथरनेट टेलिफोनच्या घरातलं नाही, कॉम्प्युटरच्या घरातलं आहे. म्हणून तिथले आकडे १०, १००, १,००० असे गोल असतात. कप्पे राखून ठेवायची सक्ती नसल्यामुळे कॅमेऱ्याला ३ लागले तर ३ च जातात, दोन ई-१ अडवून ठेवावे लागत नाहीत.

आकड्यात न मावणारी एक गोष्ट

तांब्याच्या तारेत वेग नव्हता, पण एक गुण होता. त्या फोनला वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेने मिळायची, साधारण ४८ व्होल्ट. मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना घरातली लाइट गेली तरी फोन चालू राहायचा. काचेतून वीज जात नाही. फायबरची डबी घरच्या विजेवर चालते. लाइट गेली की इन्व्हर्टर नसेल तर फायबरवरचा लँडलाइनही बंद.

घरात एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, लिफ्टमधला इमर्जन्सी फोन किंवा दवाखान्याचा नंबर त्या लाइनीवर असेल, तर हा फरक वेगापेक्षा महत्त्वाचा ठरतो. डबीसाठी छोटा यूपीएस घेतला की काम भागतं. पण ते आधी सुचायला हवं.

तर लाइन बदलताना पाच गोष्टी विचारा

• जुना आकडा कोणत्या पद्धतीचा आहे? ई-१ की टी-१?
• तो एकूण वेग आहे की प्रत्यक्ष वापरता येणारा?
• नवा वेग राखीव आहे की वाटून घेतलेला?
• अपलोड किती?
• लाइट गेल्यावर काय?

या पाचांची उत्तरं मिळाली की भागाकार करायला हरकत नाही. ती मिळण्याआधी केला, तर १५५.५२ मधून ७६ ई-१ काढणाऱ्या माणसासारखं होतं. गणित बरोबर, पण १३ लाइनी हवेत.